अकरा चारचा भोंगा

मी कानेउची लाइनवरचा डिझेलचा डबा बोलतोय. एकटाच डबा, इंजिन माझ्याच पोटाखाली. आता ते बंद आहे. नुकागावा स्टेशनात पन्नास पावलं रूळ शिल्लक ठेवलेत, त्यावर मला उभं केलंय. अंगावर नवा कोरा रंग आहे. धावत होतो तेव्हा चौदा वर्षं कुणी ब्रश लावला नव्हता.

कारखान्यातून आलो तेव्हा सकाळच्या गाडीला शाळेच्या पोरांमुळे पाय ठेवायला जागा नसायची. बायका पाठीवर भाजीच्या पाट्या घेऊन यायच्या आणि कानेउची येईपर्यंत सगळ्या गावाची उणीदुणी काढून मोकळ्या व्हायच्या. मग डोंगरातून बोगदा काढला, रस्ता झाला, घरोघर मोटार आली. पोरं तोक्योला गेली ती नव्या वर्षापुरतीच दिसू लागली. दिवसाच्या अकरा फेऱ्या होत्या, त्या तीनवर आल्या. मी रिकामाच हिंडायचो.

गावात 'गाडी वाचवा' मंडळ होतं, नाही असं नाही. अध्यक्ष हाबुका, भाताच्या गिरणीचा मालक. त्याने स्टेशनावर मोठा फलक लावला होता: 'आपली गाडी, आपण बसू या.' फलक लावायला मोटारीने आला आणि लावून मोटारीनेच गेला. त्याआधी माझ्यात तो शेवटचा बसला तेव्हा त्याच्या अंगावर शाळेचा गणवेश होता.

रोज येणारी एकच. किवा ओनोदेरा, वय एक्याऐंशी, सगळे तिला किवाआजी म्हणायचे. दहा चोवीसला नुकागावाला चढायची आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, मांडीवर थर्मास. थर्मासात तांदळाची पेज, त्यात कुस्करलेला लाल भोपळा. कानेउचीच्या इस्पितळात तिचा नवरा तोकुजी दोन वर्षं पडून होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तीस हिवाळे माझ्या रुळांवरचा बर्फ उपसणारा माणूस तो, आता त्याला चमचा उचलत नव्हता.

आणि खोड अशी, की दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचा नाही. नर्स चमचा घेऊन आली की ओठ घट्ट. इस्पितळाखाली रेल्वेचं फाटक आहे, तिथे मी अकरा वाजून चार मिनिटांनी भोंगा द्यायचो. तो कानावर पडला की म्हातारा आ करायचा. बायको अजून स्टेशनात उतरलेलीही नसायची.

"नर्सा हसतात हो त्याला," आजी ड्रायव्हरला सांगायची. "म्हणतात, मिटा तोंड, यायला पाव तास आहे अजून. तर मिटत नाही. असा हावरा." आणि सांगताना लाजायची.

ड्रायव्हर मुरोई. माझ्यात कंडक्टर नाही, सगळं तो एकटाच बघायचा. प्रत्येक स्टेशनावर पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखून मोठ्याने म्हणायचा, "दार बंद. सिग्नल हिरवा. वेळ बरोबर." ऐकायला कुणी नसलं तरी म्हणायचा. माणूस चांगला होता, म्हणूनच पुढचं झालं.

एकदा जूनमध्ये आजी थर्मासचं झाकण घरी विसरली आणि अर्ध्या वाटेतून परत फिरली. मुरोईला ती वळणावर धावताना दिसत होती. एक्याऐंशी वर्षांचं धावणं ते. मुरोई थांबला. एक मिनिट चाळीस सेकंद. मीही थांबलो, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कंपनीने त्याला अकरा दिवस गाडीवरून उतरवलं. सकाळी नियमांचं पुस्तक हाताने लिहून काढायचं, दुपारी कानेउचीच्या फलाटाखालचं गवत उपटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. आजी उतरली आणि तिने त्याला उकिडवा बसलेला पाहिलं. ती त्याच्यासमोर जाऊन कमरेतून पार वाकली आणि उठेचना.

"जा हो आजी," तो मान वर न करता म्हणाला. "पेज गार होईल."

दुसऱ्या दिवसापासून ती गाडीच्या आधी अर्धा तास स्टेशनात येऊन बसू लागली. आपल्यापायी त्या पोराला पुन्हा गवत उपटावं लागू नये, एवढंच तिच्या डोक्यात.

मग लाइन बंद करायचं ठरलं. मार्चअखेर शेवटचा दिवस. आणि काय सांगू, जे कधी फिरकले नव्हते ते सगळे उगवले. तोक्योहून, ओसाकाहून, गळ्यात दोन-दोन कॅमेरे. शेतांचे बांध तुडवले, पुलाखाली तिवया रोवल्या. मरणाऱ्याला बघायला लोकांना वेळ असतो.

त्या दिवशी सकाळी आठला इस्पितळातून आजीला फोन आला. श्वास नीट चालत नाही, या लवकर. गावातली एकुलती टॅक्सी कॅमेरेवाल्यांना पुलावर घेऊन गेलेली. शेजारीपाजारी पहाटेच कानेउचीला गेलेले, तिथे समारंभ होता. आजीने तरीही पेज केली. थर्मास घेऊन साडेनऊला स्टेशनात येऊन बसली. गाडी होतीच की दहा चोवीसला.

गाडी होती, पण मी वरच्या टोकालाच गच्च भरलो होतो. नुकागावाला दार उघडलं तेव्हा आत बोट शिरायला जागा नव्हती. तिच्या सीटवर एकजण भलामोठा माइक धरून बसला होता. माझ्या इंजिनाचा आवाज टिपत होता म्हणे.

"कृपा करून थोडं आत सरका," मुरोई डब्यातल्या स्पीकरवरून म्हणाला. कुणी तसूभर हललं नाही.

"माफ करा, त्रास देते," आजी दारातल्या माणसाला म्हणाली. "एकटीच आहे मी. एवढीशी जागा पुरेल."

"उतरलो तर परत चढायला मिळायचं नाही आजी," तो म्हणाला. वाईट नव्हता, हसून बोलत होता. "तुम्ही काय, रोजच बसता. आजच्या दिवस आम्हाला बसू द्या."

आत पाच-सहा जण हसले. हाबुका पुढेच होता, छातीवर फूल लावून. "किवाआजी, दुपारची गाडी आहे ना," तो म्हणाला. "तिला गर्दी कमी असेल."

माझा नवरा जातोय, एवढे तीन शब्द तिने बोलायला हवे होते. ते ऐकून दहाजण उतरले असते, मला खात्री आहे. पण ती नाही बोलली. आपलं दुखणं चारचौघांत काढायचं आणि परक्यांना अडचणीत टाकायचं, हे तिला एक्याऐंशी वर्षांत कधी जमलं नव्हतं. ती फक्त वाकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पार कमरेतून, थर्मास पोटाशी धरून.

मुरोईने घड्याळ पाहिलं. तीस सेकंद होऊन गेले होते. आजीने त्याचं ते बघणं पाहिलं. तिला गवत आठवलं असणार. ती पिवळ्या रेघेमागे सरली आणि हाताने खूण केली, जा, निघ तू.

"दार बंद," मुरोई म्हणाला. "सिग्नल हिरवा. वेळ..." आणि पुढचं त्याने तसंच गिळलं. तीस सेकंद आम्ही पुढच्या उतारावर भरून काढले.

फाटक जवळ आलं तसा हाबुका म्हणाला, "मुरोई, आज चांगला लांब होऊ दे." मुरोईने दिला. अकरा वाजून चार मिनिटं. आख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात माझा आवाज इतका मोठा कधी निघाला नव्हता.

आजीला शेवटी पोस्टाच्या गाडीने सोडलं. ती पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. नर्सने सांगितलं, सकाळपासून निपचित होते, पण भोंगा झाला तसा त्यांनी आ केला. अकरा वीसला गेले. आम्ही तोंड मिटायला गेलो, पण जबडा धरला होता.

हे मुरोईने मला सांगितलं, रिकाम्या डब्यात, दिवे काढून नेत होते तेव्हा. बोलावलं कुणी म्हाताऱ्याला? मी. आणि आणलं काय? माइकवाला.

एवढ्यावर भागलं नाही. फलाटावर एका कॅमेरेवाल्याने आजीचा फोटो टिपला होता. रिकामा फलाट, मी, आणि माझ्यापुढे कमरेतून वाकलेली म्हातारी. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोचं नाव, 'इतक्या वर्षांचे आभार.' मंडळाने तो भला मोठा करून माझ्या आत लावला, नेमका तिच्या सीटवर.

मला रंगवून उभं केलं त्या दिवशी आजीला मानाची पाहुणी म्हणून बोलावलं. ती आली, फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली.

"मी आभार नव्हते मानत," ती म्हणाली. "आत घ्या म्हणत होते. नवरा मरत होता माझा."

कुणीतरी खाकरलं. मग हाबुकाने डोळ्याला रुमाल लावला. "बघा," तो लोकांना म्हणाला, "या गाडीवर आजींचा किती जीव. अशा दिवशीसुद्धा त्यांना हीच गाडी हवी होती." टाळ्या पडल्या. मग त्याने तिचा हात धरून भोंग्याच्या दांड्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि दाबला.

मी ओरडलो. काय करणार, दाबलं की ओरडायचं, एवढंच मला येतं. आजीने हात सोडवून घेतला, वाकली, सगळ्यांना त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि घरी गेली.

मुरोई आता रेल्वेच्या बदली सुरू झालेली बस चालवतो. नुकागावाच्या थांब्यावर दोन मिनिटं उगीच थांबतो. बसला उशीर झाला तर कुणी बोलत नाही. पण आजीला आता जायचं कुठे?

तिचं घर स्टेशनापासून शंभर पावलांवर आहे. मंडळ दर रविवारी मला उघडतं, आणि जुन्या वेळापत्रकाची आठवण म्हणून अकरा वाजून चार मिनिटांनी मुलांना भोंगा वाजवू देतात. रांग लागते. त्या वेळी तिची खिडकी बंद होते, हे मला इथून दिसतं.

तुम्ही इकडे आलात तर आत या, फोटो काढा, सीटवर बसा, माझी काही ना नाही. फक्त भोंगा तेवढा काढून न्या. भंगारात घाला, नदीत टाका. तेवढंही नाही जमलं तर तुमचा नंबर आल्यावर दांड्याला हात न लावता उतरा. मागचा ओरडेल तुमच्यावर. ओरडू दे.