चक्रवाकाचा डोळा

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. निफाडकडच्या एका धरणाच्या फुगवट्यात बेट होतं, आणि बेटावर पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेलं माहिती केंद्र. त्याची पार रया गेली होती. कौलं फुटलेली, भिंतींना ओल, आत मांडलेल्या लाकडी पक्ष्यांचे रंग उडालेले. नाशिक रोडच्या एका कॉलनीतली हौशी मंडळी दर रविवारी होडीतून जाऊन ते सगळं नीट करत होती. कुणी सांगितलं होतं यांना? कुणीच नाही. आवड, दुसरं काय!

त्यांच्यात एक सुलाबाई होती. सून रूपाली तिला जवळजवळ ओढूनच घेऊन आली होती. सुलाबाईने उभा जन्म गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केलेली. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे, आणि ते सुलाबाईनेच काढायचे, असा दंडकच होता. पण दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला. बाई त्यातून उठली खरी, उजव्या हाताची थरथर मात्र गेली नाही. डावा डोळा छान उतरायचा आणि उजवा त्याला जुळायचाच नाही. मालक भला माणूस, तो नुसतं म्हणाला, “बाई, आता आराम करा.” त्या दिवसापासून सुलाबाईने कुंचला हातात धरला नव्हता. आपण आता कशाच्याच कामाच्या नाही, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

“आई, पाखरांचे तर डोळे. कोण येतंय तपासायला?” रूपाली म्हणायची.

“पाखरू झालं म्हणून काय झालं? बघायचं तर त्यालाही असतंच ना,” सुलाबाई म्हणायची आणि काम पुढच्या रविवारवर ढकलायची.

असं ढकलत ढकलत कामाचा शेवटचा रविवार आला. होडी निघाली तेव्हा पाण्यावर दाट धुकं होतं. बेट दिसेना, काठही दिसेना. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज आणि कुठूनतरी पाखरांची कुजबुज, एवढंच काय ते. आपण जागी आहोत की अजून अंथरुणातच, ते सुलाबाईला कळेना. एक मात्र पक्कं होतं. आज टाळता येणार नव्हतं.

केंद्रात पोचल्यावर तिने एक चक्रवाक पुढ्यात घेतला. नारिंगी अंगाचं मोठं बदक ते. मनगट डाव्या हाताने घट्ट धरून, श्वास रोखून तिने डोळे काढले. आणि काढले कसे? लांबट, पापण्यांचे, पांढऱ्यात काळं बुबुळ, समोर बघणारे! हाताला ज्याची सवय तेच उतरलं. मंडळाचे प्रमुख भारतभाऊ, सरकारी नोकरीतले गंभीर गृहस्थ, चुना लावता लावता वळले, बदकाकडे बघितलं आणि त्यांचे हात नकळत जोडले गेले.

“अगं बाई, बदक आशीर्वाद देतंय!” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. भारतभाऊही ओशाळून हसले.

वाईट मनाने कुणी हसलं नाही हो. पण सुलाबाईचं तोंड एवढंसं झालं. त्यातही उजवा डोळा चुकलाच होता, तो तिचा तिलाच दिसत होता. आत ओल्या चुन्यामुळे रंग वाळत नव्हते, म्हणून बाकीचे बिनडोळ्यांचे चक्रवाक काठावरच्या गवतात उन्हाला मांडले होते. “मी त्यांच्यापाशी बसते, शेळ्याबिळ्या येतील,” असं म्हणून ती बाहेर पडली. बेटावर कुठल्या शेळ्या! रूपालीला ते कळलं. तिने काळ्या-पांढऱ्या रंगाच्या वाट्या आणि कुंचला तेवढा सासूच्या हातात दिला.

सुलाबाई गवतात बसली आणि मनसोक्त रडली. मग कोवळ्या उन्हात तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उरलंसुरलं धुकं वितळत होतं आणि लाकडी चक्रवाक वाढले होते. तिने डोळे चोळले. एक मान हलली. दुसऱ्याने पंख झाडले. खरेच पक्षी होते ते, आपलीच माणसं बसलीत असं समजून भोवती येऊन उतरलेले! खरं कुठलं, लाकडाचं कुठलं, काही कळेना. सुलाबाई जागची हलली नाही. श्वाससुद्धा बेताने घेऊ लागली.

सगळ्यात जवळचा चक्रवाक हातभर अंतरावर होता. त्याने मान वळवली आणि एका बाजूने तिच्याकडे बघितलं. एकाच डोळ्याने. दुसरा डोळा पलीकडे होता, तो पलीकडचं पाणी बघत होता. डोळ्यात पांढरं नव्हतंच. नुसता काळा थेंब, त्यात उन्हाचा कण, आणि सारखी भीती. आत्ता उडू का, बसू का, अशी.

“अरे देवा,” सुलाबाई पुटपुटली, “याला जुळवायचं कशाशी?”

तिने लाकडाचा एक चक्रवाक अलगद मांडीवर घेतला. मनगट धरलं नाही. हात थरथरत होता, थरथरू दिला. एक काळा थेंब ठेवला, जरा वेडावाकडाच. मग काडीच्या टोकाने त्यात पांढरा कण टेकवला. आणि ते लाकूड तिच्याकडे बघायला लागलं, आत्ता उडू का, बसू का, असं. ते भित्रं बघणं तिच्या ओळखीचं होतं. दोन वर्षं आरशात तिने तेच बघितलं होतं.

“जमलं!” ती ओरडली. “रूपाली, अगं जमलं मला!”

झालं! सगळा थवा एकदम उठला. पंखांचा केवढा आवाज, आणि आभाळ नारिंगी नारिंगी. केंद्रातली माणसं धावत बाहेर आली. भारतभाऊंच्या हातात चुन्याची बादली तशीच. वर बघावं की गवतात रडत हसत बसलेल्या बाईकडे बघावं, कुणाला कळेना.

सुलाबाईने वर बघितलंच नाही. पदराने डोळे पुसले, मांडीवरचा चक्रवाक उलटा फिरवला आणि दुसऱ्या बाजूचा डोळा काढायला घेतला.

“बघत काय उभी राहिलीस?” ती सुनेला म्हणाली. “तो आशीर्वाद देणारा आण आधी. त्याला नीट करते.”