येसूच्या गोणपाटावर

"हिला शिवायचं की नाही, ते आधी कोणीतरी सांगा बाई," सुहासिनी माझ्या कानाशी कुरकुरली. "शिवलं तर घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करा, अंगावरचं सगळं भिजवा. आणि आमच्या लाइनीत आज पाण्याचा दिवस नाही."

मी तिच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होते. अंबरनाथच्या आमच्या कामगार वसाहतीचा महिला कबड्डी संघ होता, आणि मी त्याची मॅनेजर. म्हणजे लिंबं कापायची, पिशव्या नि मंगळसूत्रं सांभाळायची, आणि कोणाचा नवरा सामना बघायला आला तर त्याला चहाला घेऊन जायचं. तो नजरेआड झाला की बायको मोकळेपणी खेळते. मी स्वतः कधी कबड्डी खेळले नाही. जे कळतं ते रेषेबाहेर बसून कळलेलं. सगळ्या मला माई म्हणत.

"हिला" म्हणजे चंद्रीला. ती समोरच्या बाजूला एकटीच उभी राहून काष्टा आवळत होती. बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या वाटेवर त्यांची वाडी. भाताची झोडणी उरकली की तिथल्या बायकांचा संघ उल्हासनगरला, कॅम्प चारच्या मैदानावर उतरायचा, आणि शेवटचा सामना बहुतेक वेळा त्यांचा नि आमचाच व्हायचा. चढाईला चंद्री, आणि आमच्या डाव्या कोपऱ्याला सुहासिनी. चंद्रीचा घोटा नि सुहासिनीचा पंजा यांची गाठ बघायला लोक भिंतीवर चढून बसत. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट.

त्या वर्षी सामन्याच्या आठवड्यातच चंद्रीची सासू येसू गेली. दहावं अजून व्हायचं होतं. पण वाडीच्या संघात सातच बायका, आठवी नाही. एक गळाली असती तर संघच बसला असता. जाणत्यांनी खल केला आणि सांगितलं, खेळ, पण नारळ फोडताना लांब राहा. चंद्री लांब राहिली. खोबऱ्याचा प्रसादही तिनं घेतला नाही.

सासूनं सुनेला कबड्डीला पाठवावं हेच नवल. येसू तर नुसती पाठवायची नाही, बरोबर यायची. रेषेला लागून गोणपाट अंथरायची, मिश्री लावत बसायची आणि पहिल्या चढाईपासून सुनेला शिव्या घालायची. "वाकून जा, भवाने! लावणीला वाकतेस तशी वाक! खांबावानी काय चाललीस?" चंद्रीची पकड झाली की मग तर येसूचा गळा खुलायचा. सुनेचं आटोपलं की आमच्याकडे वळायची. "ए कारखानेवाले, सोड तिचा पाय! सांजच्या भाकऱ्या तू थापनार काय?" पंच महिपती शिट्टी तोंडाला लावायचे ते हसू झाकायला. आमच्या मुली लटक्या रागानं तिच्याकडं बघायच्या, आणि सामना संपल्यावर तिच्याचकडे पाणी मागायच्या.

आज गोणपाट त्याच जागी अंथरलेलं होतं. त्यावर येसूचा नवरा वाळू बसला होता. अगदी टोकाला, शेजारी कोणी बसायचं असावं तसा. हा माणूस मैदानावर कधी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बोलायला त्याला जागा होती कुठं?

येसूचं नाव कोणीच काढलं नाही. "या, बसा." "थंडी नाही म्हणावी तशी यंदा." "रिक्षा मिळाली ना लगेच?" सामने भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांनी वाळूसाठी चहा आणला आणि कप जरा अंतरावर, जमिनीवर ठेवला. त्यानं तो सरकून घेतला.

सामना सुरू झाला. चंद्री चढाईला आली आणि आमच्या सात वाघिणी मागं मागं सरकत गेल्या. दोघी तर थेट शेवटच्या रेषेबाहेर. शिट्टी. दोघी बाद. पुढच्या खेपेला तिनं एकीच्या कोपराला हात लावला तर ती पाल पडल्यासारखी किंचाळली. सुहासिनीच्या पुढ्यात घोटा आयता आला, तिचा पंजा निघालाही, आणि तापल्या तव्याला लागावा तसा माघारी आला. सुतकात माणूस असं अजिंक्य होतं हे मला ठाऊक नव्हतं.

बरं, त्यांच्या बाजूलाही तेच. पकडीला उभ्या राहिल्या तेव्हा साखळीत सगळ्यांचे हात एकमेकींत, आणि चंद्री टोकाला सुटी. "कोपऱ्याचा हात मोकळाच बरा," त्यांच्यातली एक उगाच मोठ्यानं म्हणाली.

लोक मात्र टाळ्या वाजवत होते. वा चंद्री! शाब्बास चंद्री! फलकावर वाडीचे गुण चढत होते आणि प्रत्येक गुणाला चंद्रीचं तोंड आणखी आंबट होत होतं. जिंकणाऱ्याचं असं तोंड मी आजवर पाहिलं नव्हतं.

मध्यंतरात मी लिंबाच्या फोडी वाटत होते. तेवढ्यात चंद्री मध्यरेषा ओलांडून सरळ आमच्यात आली. मुली दोन्ही बाजूंना झाल्या.

"ताई," ती सुहासिनीला म्हणाली, "धरत का नाय?"

"अगं, सापडतेस कुठं तू? फार चपळ झालीस यंदा."

"खोटं नका बोलू. आज मी गाभन म्हशीवानी चालतेय."

कोणीतरी फिसकन हसलं. सुहासिनी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली आणि मग खरं बोलली. "आज आमच्याकडे पाणी नाही गं."

चंद्रीला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "येवढ्यासाठी? मग सामना झाला की वाडीला चला समद्या. नदी हाय आमची. डोक्यावरून न्हा, कापडं धुवा. आमची म्हस बी धुवा, खळखळ नाय करत ती."

आता सगळ्याच हसल्या. चंद्रीही. हसतहसतच ती म्हणाली, "घरात कोन हात नाय लावत. शेजारीन ताट ठेवते नि मागं सरते. रीत हाय, माजं काय म्हननं नाय. पन हितं तरी कोनी धरंल म्हनून आले मी."

मी लिंबाची फोड पुढं केली. वरून टाकायची की हातात द्यायची, या विचारात ती माझ्याच तोंडात गेली. चंद्रीनं ताटलीतली दुसरी उचलली आणि आपल्या बाजूला निघून गेली.

उत्तरार्धाला सुहासिनीनं तळव्यांना माती चोळली. चंद्री आली. कबड्डी कबड्डी करत, खांबासारखी ताठ. आमच्या मुली या वेळी मागं सरल्या नाहीत. ती कोपऱ्यापर्यंत आत घुसली, पाय टाकला, आणि सुहासिनीनं घोटा धरला. असा धरला की मी बाहेर बसून दात आवळले. मग सगळ्याच तुटून पडल्या. धूळ, कोपरं, वेण्या, कोणाचा पाय कुठं. ढिगाखालून थोडा वेळ चंद्रीचं कबड्डी कबड्डी ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

शिट्टी. गुण आम्हाला.

पण उठलं कोणीच नाही. सुहासिनीनं घोटा सोडला नव्हता, आणि चंद्रीनं सुहासिनीच्या गळ्यातली मिठी. मुली एकमेकींवर तशाच पडून राहिल्या, उन्हात भाताचे भारे पडावेत तशा. आणि सगळं मैदान गप्प झालं. आम्ही वाट बघत होतो. निव्वळ सवयीनं. पकड झाली की रेषेकडून जो आवाज यायचा, तो आला नव्हता. महिपतींची शिट्टी हसू झाकायला तोंडाशी गेली होती, ती तिथंच राहिली. एकेक करून सगळ्यांच्या माना गोणपाटाकडं वळल्या.

वाळूनं आमच्याकडं बघितलं. मग तो टोकावरून सरकला आणि गोणपाटाच्या मधोमध बसला.

"चंद्रे," तो म्हणाला, "म्हातारी मेली गं आपली."

"व्हय, मामा," ढिगाखालून आवाज आला.

"मंग आता मलाच वरडाया लागंल." त्यानं घसा खाकरला, एकदा, दोनदा. "वाकून जा, भवाने! खांबावानी काय चाललीस?"