टाकीचं पाणी

कळंबोलीच्या एका बिल्डिंगमध्ये बायजाबाई आणि अख्तरुन्निसा समोरासमोर राहायच्या. पण दोन वर्षं दोघींत शब्द नव्हता.

त्याआधी बायजाबाईची लहान मुलगी मैत्री खेळून दमली की समोरच्या घरात शिरायची आणि माठातलं पाणी प्यायची. एकदा अख्तरुन्निसाची सासू म्हसळ्याहून आलेली होती. मैत्री पाणी पिऊन वळली, तोच म्हातारीनं अख्खा माठ मोरीत ओतला. पोरीला बोलवायला आलेल्या बायजाबाईनं ते दारातून पाहिलं. म्हातारीचं तिला नवल वाटलं नाही. परभणीकडच्या गावात ती जात बघून पाणी टाकणाऱ्या असल्याच माणसांत वाढली होती. पण अख्तरुन्निसा शेजारीच तांदळाची भाकरी थापत होती, आणि मान खाली घालून तशीच थापत राहिली. ते बायजाबाईच्या काळजात रुतलं.

त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबईत दंगल पेटली. इकडे लोखंडबाजार बंद पडला, ट्रक जागच्या जागी उभे राहिले, पुरुष घरी बसून होते. एका सकाळी कुणीतरी म्हणालं, टाकीत विष कालवलंय. गच्चीची किल्ली अख्तरुन्निसाच्या नवऱ्याकडे, ताजुद्दीनकडे असायची. पंप तोच लावायचा. बायकांनी भरलेले हंडे ओतून दिले. थोड्याच वेळात सोसायटीचा सेक्रेटरी विलास माणसं घेऊन जिना चढला.

ताजुद्दीननं स्वतःच दार उघडून किल्ली पुढे केली. “चला ना, विलासभाऊ. मीपण येतो वर. सगळे मिळून बघू.”

“आता काय बघायचं? कालवायचं ते कालवलंस तू,” मागून कुणीतरी ओरडलं. एकाच्या हातात सळई होती.

बायजाबाई आपल्या दारातून बघत होती. खोटं कशाला बोला, आधी तिला बरंच वाटलं. मग नवऱ्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या अख्तरुन्निसाचा चेहरा तिला दिसला. गावात विहीर बाटवली म्हणून लोक झोपडीवर चालून आले होते, तेव्हा तिच्या आईचा चेहरा असाच झाला होता.

“आत ये,” तिचा नवरा सिताराम म्हणाला. “आपल्याला काय करायचंय?”

ती माणसं बाजूला सारत समोर गेली. “अख्तर, पानी दे.”

अख्तरुन्निसानं वळून आतल्या हंड्याकडे पाहिलं.

“सकाळी भरलंस ना? त्येच दे.”

अख्तरुन्निसानं ग्लास भरून आणला. बायजाबाईनं तो सगळ्यांदेखत रिकामा केला, परत भरून घेतला, तोही प्याली. मग तिथंच उंबऱ्यावर बसली.

“विलासभाऊ, इख असंल तर मी हितंच मरंन. तवर ह्या दाराला कुनी हात लावायचा न्हाई.”

कुणाला पुढे यायचं सुचेना, मागेही जाववेना. सिताराम थोडा वेळ घुटमळला. मग येऊन बायकोशेजारी बसला. त्यानंही पाणी मागून घेतलं. सळईवाल्यानं सळई भिंतीला टेकवली.

अख्तरुन्निसा उंबऱ्याच्या आत टेकली. हळूच म्हणाली, “त्या दिवशी मी गप्प राहिले, बायजा. सासूला भ्यायले. रोज तुझं दार बघते नि शरम वाटते.”

“लई लागलं मला,” बायजाबाई म्हणाली. “म्हातारीचं न्हाई. तुजं.”

“माफ कर म्हणायला तोंड नाय मला.”

“मला नगं म्हनू. पोरगी इचारत व्हती, आजीनं मी पिल्यावर पानी का फेकलं. तिला काय सांगावं, मला कळलं न्हाई.”

अख्तरुन्निसा उठली. ज्या माणसांना ती सकाळपासून भीत होती, त्यांच्यामधून ती पलीकडच्या दारात गेली. मैत्री चौकटीला धरून उभी होती. तिच्यापुढे गुडघे टेकून अख्तरुन्निसा म्हणाली, “तुझी कायबी चूक नव्हती, बेटा. आमची होती. माझीपण.” मैत्रीनं आईकडे बघितलं आणि मग हळूच मान डोलावली.

जिन्यातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. विलासनं चष्मा काढून पुसला. बायजाबाई तर ठणठणीत बसलेली. माणसं एकेक करून जेवायला पांगली. विलास ताजुद्दीनबरोबर गच्चीवर गेला आणि टाकीतलं पाणी ओंजळीनं पिऊन खाली आला.

पण दुपारी कळलं, तीच अफवा पलीकडच्या बिल्डिंगमध्ये पोचली होती, आणि तिथंही मुसलमानाचं एक घर होतं. बायजाबाईनं पदर खोचला.

“चल, अख्तर.”

“मी? बाहेर?”

“मी एकलीच गेले तर कोन ऐकंल? दोघी दिसलो म्हंजी इस्वास बसंल.”

अख्तरुन्निसानं तिचा हात घट्ट धरला. विलास सोबत निघाला. तिथं दोघी सगळ्यांसमोर पाणी प्याल्या आणि आपल्या जिन्यात काय झालं ते सांगितलं, माठाच्या गोष्टीसकट. ऐकून तिथल्या दोन बायका पुढच्या बिल्डिंगपर्यंत बरोबर आल्या. ऊन कलेपर्यंत गल्लीतल्या नळांखाली परत हंडे लागले. मुंबईहून वाईट बातम्या येतच राहिल्या. त्या गल्लीत मात्र कुणाच्या दाराला धक्का लागला नाही.

परत येताना अख्तरुन्निसा मध्येच थांबली. “आता एक घोट जरी पाजलास ना, पोट फुटेल माझं.”

बायजाबाई खळखळून हसली. अख्तरुन्निसाही हसू लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. भररस्त्यात तिला खांद्याशी धरून बायजाबाई बराच वेळ उभी राहिली.