बादलीभर आणीबाणी

अंजनगाव सुर्जीच्या आमच्या वाचनालयात आणीबाणी आली, कारण गच्चीवरची टाकी गळत होती. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात थेंब पडायचे, खाली बादली ठेवलेली. अध्यक्ष खुशालरावांनी ती बादली पाहिली आणि संस्थेच्या घटनेतलं सतरावं कलम बाहेर काढलं: आकस्मिक प्रसंगी अध्यक्ष एकट्यानं निर्णय घेऊ शकतील, मात्र पंधरा दिवसांत कार्यकारिणीच्या सभेची मंजुरी लागेल. प्लंबर बोलवायला कलम लागत नाही. पण यांना प्लंबर बोलवायचाच नव्हता. यांनी अभ्यासिका बंद केली, अभ्यासाला बसणाऱ्या पोरापोरींना हाकललं आणि हॉल जावयाच्या विमा कचेरीला देऊन टाकला.

किल्ली ग्रंथपाल जहाँआराकडे होती. "सभेचा ठराव दाखवा, मंग किल्ली घेऊन जा," ती म्हणाली. खुशालरावांनी पुन्हा सतरावं कलम काढलं आणि तिलाच नोकरीवरून काढून टाकलं.

या माणसाचा मला पहिल्यापासून तिटकारा. अकरा वर्षं वाचनालयाचा अध्यक्ष आहे, एक पुस्तक घरी नेलं असेल तर शपथ. भिंतीवर स्वतःचे फोटो मात्र तीन, त्यातला एक नव्या मुतारीच्या उद्घाटनाचा. कार्यकारिणीबद्दल तर बोलायलाच नको. कापड दुकानवाला शालिकराम वार्षिक सभेत कुठलाही विषय निघाला की "भाऊ म्हनतीन तसं" म्हणतो आणि पिंक टाकायला उठतो. बाकीच्यांना तेवढंही उठवत नाही.

मी उपाध्यक्ष. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. राष्ट्रपतींनाही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं, त्यांचा वटहुकूमसुद्धा संसदेपुढं ठेवावा लागतो, हे फळ्यावर लिहून लिहून बोटं पांढरी केली. आमचे खुशालराव राष्ट्रपतींच्याही वरचे निघाले.

तेराव्या दिवशी जहाँआरा माझ्या घरी आली. ती माझी विद्यार्थिनी. तिच्या पगारावर घर चालतं, धाकटा भाऊ दानिश तिच्याच जिवावर शिकतोय.

"घाबरू नको," मी रुबाबात म्हणालो. "सभा झालीच नाही. परवा पंधरा दिवस भरले की त्याचा हुकूम आपोआप रद्द."

तिनं एक झेरॉक्स पुढं केली. बारा तारखेची सभा. जहाँआराला कमी करण्याचा ठराव एकमतानं मंजूर. खाली पाच सह्या, दुसरी माझी.

बारा तारखेला मी अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. पण सही माझीच होती. आमचा म्हातारा शिपाई देवीदास महिन्यातून एकदा रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. कोऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवून "करा जी" म्हणतो. आपण चहा पिता पिता सही करतो, सभा मागाहून लिहिली जाते. नऊ वर्षं मी हेच करत आलो. न वाचता अंगठा उठवणाऱ्यांची मी वर्गात टिंगल करायचो.

"सर, तुमी वाचलं नाई?" तिनं विचारलं.

"कोरं होतं," मी म्हणालो. स्वतःच्याच तोंडून हे ऐकून मला स्वतःची किळस आली.

रविवारी वार्षिक सभा होती. चाळीसेक सभासद जमले, जहाँआरा मागं उभी राहिली. खुशालरावांनी ठराव वाचून दाखवला तसा मी उठलो. "ही सभा झालीच नाही."

"मंग सर, हे सही कोनाची हाये?" खुशालरावांनी पानावर बोट ठेवलं.

"माझी. कोऱ्या पानावर केलेली. नऊ वर्षं करतोय."

लोक हसले. माझे जुने विद्यार्थीही हसले. खुशालराव मात्र गोड आवाजात म्हणाले, "लिहून द्या ना मंग. पन सात वर्सांआधी या बाईले नेमलं, ते सभाबी अशीच झाली होती. माहा ठराव पडला तं तिची नेमनूकबी पडन. पाहा बाप्पा!"

रजिस्टर माझ्यापुढं सरकवून ते खुर्चीत रेलले. मी खाली बसणार होतो. खोटं कशाला सांगू, बसायला एक चांगलं कारण मिळालं म्हणून मला बरंच वाटलं होतं.

"लिवा सर," मागून जहाँआरा म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "मले पुन्हा अर्ज कराले येते. लायब्ररीची परीक्षा पास केली हाये म्या. या अध्यक्षायले काय येते, ते यायलेच इचारा."

कोणी हसलं नाही. मी पेन काढलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं: मी या सभेला हजर नव्हतो; सभा झालीच नाही; याआधीची कार्यकारिणीची एकही सभा मी पाहिलेली नाही. तारीख घातली. अक्षर विद्यार्थ्यासारखं आलं. खुशालरावांचा चेहरा पहिल्यांदाच फोटोतल्यासारखा दिसेना.

मग मी रजिस्टर शालिकरामकडं सरकवलं. "आता तू."

त्यानं तोंडातलं पान एका गालात सारलं, माझं पेन घेतलं, आणि एक अक्षरही न वाचता विचारलं, "सही कोठी करू, सर?"