शून्य दाबल्यावर कोण उचलतं?

माझ्या आईचा फोनवरचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. मुलगी म्हणून सांगत नाहीये. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हा आवाजातलं मला थोडंफार कळतं असं समजायला हरकत नाही. मी तर समजतेच.

मामाची पाण्याच्या पंपांची कंपनी आहे. पंप विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. ती सुरू केली आजोबांनी. तेव्हा मामाला त्यांनी इंजिनियरिंगला पाठवलं आणि आईला फोनवर बसवलं, 'तात्पुरतं'. ते तात्पुरतं माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. दाराजवळ काचेची खोली. खोली कसली, कपाटच ते! भिंतीवर फोन जोडायचा राखाडी डबा, त्यावर लुकलुकणारे लाल दिवे, आणि खाली खांद्यात रिसीव्हर धरून बसलेली आई.

पंपवाल्याला आनंदाने फोन करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पंप मस्त चाललाय, सहज आठवण आली म्हणून कोणी फोन करत नाही. सगळे भडकलेले. आई म्हणते, "आधी ओरडून घ्या, मग बोलू." तो ओरडतो आणि मग ओशाळून हसतो. मग आई फोन जोडून देते, पण नुसता नाही. जोडण्याआधी आतल्या माणसाच्या कानात एक वाक्य टाकते. "मिस्त्री, इस्पितळाच्या टाकीवाले आहेत, तापलेत, गोड बोला." किंवा, "साहेब, नवीन गिऱ्हाईक आहे, बिचकतंय, लगेच किंमत सांगू नका." हे 'साहेब' म्हणजे मामा. घरी छोटू, ऑफिसात साहेब. सख्ख्या धाकट्या भावाला ती दिवसभर साहेब म्हणते, आणि हसू येऊ देत नाही.

तर एके दिवशी साहेब त्या कपाटाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हा डबा जाणार आता. यापुढे सगळे फोन इंटरनेटवरून. ज्याचा फोन त्याच्या कॉम्प्युटरवर थेट."

"आणि मी?" आईने विचारलं.

"अगं, तूच तर! फोन लागला की आधी रेकॉर्डिंग वाजणार, ते तुझ्या आवाजात. तुझा आवाज म्हणजे आपली कंपनी." मग शाळा सुटल्यावर तिथे येऊन बसलेल्या माझ्याकडे वळून, "काय वक्तृत्ववाल्या बाई, मजकूर लिहिणार का?"

लिहिणार का म्हणजे काय! त्याच संध्याकाळी लिहिला. विक्रीसाठी एक, दुरुस्तीसाठी दोन, हिशोबासाठी तीन. आईने वाचला आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"खाली लिही. ऑपरेटरशी बोलण्यासाठी शून्य दाबा."

"ते कशाला? तिन्हींत सगळे आलेच की."

"लिही गं. एक दाबू की दोन ते न कळणारी माणसं माझ्याकडे येतील. ती ओळ राहिली तर मी राहिले."

मी लिहिली. अक्षर चांगलं काढून.

रेकॉर्डिंग सुट्टीच्या दिवशी ठेवलं, म्हणजे फोन वाजायला नकोत. इंटरनेटवाल्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात हेडफोन, तोंडात च्युइंगगम. राखाडी डब्याच्या वायरी त्याने आल्याआल्याच उपटल्या आणि आईच्या पुढ्यात माइक ठेवला.

"नमस्कार," आई म्हणाली. आणि थांबली.

हेडफोनवाला वाट बघतोय. आईही वाट बघतेय.

"बोला ना मॅडम पुढे."

"समोरचा नमस्कार म्हणेल ना आधी?"

मी इतकी हसले की मला खोलीबाहेर काढलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "दुरुस्तीसाठी दोन दाबा हं." हेडफोनवाला म्हणाला, "हं नको." तिसऱ्यांदा हं गेलं, पण 'काळजी करू नका' आलं. चौथ्यांदा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मॅडम, समोर कोणी नाहीये!" "म्हणूनच जमत नाहीये," आई म्हणाली. मग मीच काचेपलीकडे उभी राहिले, चिडलेल्या गिऱ्हाइकासारखी कमरेवर हात ठेवून. माझ्याकडे बघत ती बोलली आणि एका दमात सगळं बरोबर आलं. नमस्कारापासून शून्यापर्यंत. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मामाने ते स्पीकरवर ऐकलं. "वा! फक्त शेवटची ओळ नको."

"का?" आईने विचारलं.

"शून्यावर कोणी बसणार नाहीये, ताई."

मामा खिडकीकडे बघून बोलला. आईच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

"आणि कोणी दाबलंच शून्य, तर?" आई.

"परत पहिल्यापासून ऐकू येईल," हेडफोनवाला हसतमुखाने म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, प्रश्न त्याला आहे.

"अगं, किती वर्षं त्या कपाटात बसणार?" मामाचा आवाज आता एकदम मऊ. "आराम कर. घराकडे बघ."

"घराकडे मी रोजच बघते, छोटू. त्यासाठी मला नोकरी सोडावी लागली नव्हती."

ऑफिसात पहिल्यांदा छोटू! मामाचे कान लाल झाले, पण मागे हटला नाही.  आई माइक जवळ ओढून म्हणाली, "परत बोलू का? त्या ओळीशिवाय?"

"गरज नाही मॅडम. शेवट कापता येतो." हेडफोनवाल्याने स्क्रीनवरच्या हिरव्या रेघांचं शेपूट निवडलं, टक् केलं, आणि आई 'तीन दाबा'पाशी संपली.

आणि माझं डोकं फिरलं.

"मग सगळंच पुसा!" मी म्हणाले. आवाज न चिरकता, पोटातून, वक्तृत्वाच्या सरांनी शिकवलाय तसा. "आई नको आणि आईचा आवाज हवा? फुकटात? असं नाही चालणार."

"तू मध्ये पडू नकोस," मामा म्हणाला.

"का नको? तिच्या भरवशावर कंपनी चालवायची आणि ती बसली असताना तिची खुर्ची काढायची. एवढंच धाडस होतं तर आधी सांगायचं होतंस, रेकॉर्डिंग झाल्यावर नाही. पुसा ते."

काय बोलले मी! एक शब्द अडला नाही.  मामा चिडून हेडफोनवाल्याला म्हणाला, "तुमच्याकडे तयार आवाज असतात ना?"

"असतात की. बाई हवी का पुरुष?"

"बाई लावा कुठलीतरी. हे पुसा, आणि आजच चालू करून द्या. कटकट नको."

"पुसलं की परत येणार नाही."

"पुसा म्हणतोय ना!"

टक्. आईची पिशवी मीच उचलली आणि ताठ मानेने बाहेर पडले. पायऱ्या उतरताना अंगात नुसती वीज होती.

"कशी जिरवली!" रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले.

"कोणाची?"

आई पुढे चालत होती. मागे वळली नाही.

"मामाची! तो तुला वापरून घेत होता, आई."

"घेऊ दे ना. माझा आवाज होता. नोकरी गेली ती गेलीच होती, ते मला कळलं होतं. पण इतकी माणसं मला ओळखतात. फोन लावला की त्यांना वाटलं असतं, आहे ती तिथे. तेवढं तरी राहिलं असतं माझं त्या घरच्या धंद्यात." ती थांबली. "त्याने मला विचारलं नाही. तूही नाही विचारलंस."

"मी तुझ्या बाजूने बोलत होते!"

"हो. फार छान बोललीस."

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी तिच्या तोंडून आधी कधीच ऐकला नव्हता, आणि परत ऐकायचा नाहीये. बसमध्ये मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मामा चुकलाच. मी बरोबरच होते. हे मी अजूनही कोणालाही पटवून देईन. फक्त तिला कसं पटवायचं ते सापडत नव्हतं.

घरी बाबा दारातच. "काय मग? झालं का आमच्या बाईसाहेबांचं रेकॉर्डिंग?"

"झालं," आई चपला काढत म्हणाली. "छोटू खूश आहे."

"मग थांबा, ऐकतोच!" बाबांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि कौतुकाने हसत कानाला धरला. मी आईकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल, अहो, नका लावू.  ती हात धुवायला गेली.

बाबांचं हसू जरा वेळ तसंच राहिलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं. "अगं, ही कोण बाई बोलतेय?"

"लेकीला विचारा तुमच्या," आई आतून म्हणाली.