लिंबूवाल्यांचा फोन

"अहो, मी रोज न चुकता पाणी घालते, तरी पानं पिवळी पडतात म्हणजे काय!" फोनवरची तरुणी तावातावाने विचारत होती.

"रोज न चुकता घालता, म्हणूनच पडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उठा, कुंडीत बोट खुपसा. पेरभर आत. काय लागतंय?"

"चिखल."

"मग कोरडं लागेपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. लाड बंद. आणि कुंडीच्या बुडाला भोक आहे ना?"

पलीकडून बारीक आवाज आला, "भोक असावं लागतं?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण आवाजात त्याचा मागमूस लागू दिला नाही. भोक पाडायचं कसं, मुळं धुवायची कशी, सगळं समजावून सांगितलं आणि फोन ठेवला. शेजारी खताची पोती मोजणारा हमाल हसून म्हणाला, "वाचला का पेशंट, डॉक्टरीणबाई?"

"वाचेल. मालकीणबाईंनी हात आखडता घेतला तर."

नर्सरीतल्या प्रत्येक कुंडीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर छापलेल्या नंबरावर फोन केला की तो या मागच्या खोलीत, बियाण्यांच्या कपाटाशेजारी वाजे. मालकाने तो उद्योग गिऱ्हाईक टिकावं म्हणून काढला होता आणि बाईंना तिथे बसवलं होतं. 'डॉक्टरीणबाई' हे नाव झाडांच्या या डॉक्टरकीमुळेच पडलेलं. प्रश्न तेच तेच. पानं का गळतात, कळ्या का झडतात, मुंग्या लागल्या, मावा पडला, उन्हात ठेवू की सावलीत. काही लोक तर झाड घरी न्यायच्या आधीच ते मरणार म्हणून रडकुंडीला आलेले असत. कुणाचंही झाड गेलं असं वाटलं की त्या सांगत, "नखाने साल खरवडा. आत हिरवं ओलं दिसलं तर आशा आहे. तपकिरी सुकं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका, काढून टाका." उगाच कुणाला झुलवत ठेवायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

घरी मात्र त्यांना कुणी काही विचारत नसे. लग्न राहून गेलं ते गेलंच. आईवडील गेल्यावर भावाच्या घरातली मागची खोली त्यांच्या वाट्याला आली. भाऊ वाईट नव्हता, वहिनी तर मुळीच नव्हती. वेळेवर ताट वाढलेलं असे, दुखलंखुपलं तर औषध येई. पण "नळ बंद केलात का?" आणि "किल्ली घेतलीत ना?" यापलीकडे बोलणं जात नसे. दिवसभर परक्या लोकांशी बोलून बोलून घसा सुकायचा, आणि घरी आलं की तोंडाला कुलूप. कधी कधी त्यांना वाटे, आपल्यालाही चिठ्ठी चिकटवायला हवी होती, म्हणजे कुणीतरी काळजीने चौकशी केली असती.

अशात लिंबूवाल्यांचा फोन आला.

"बाई, आमच्या लिंबाची सगळी पानं गळाली हो. बायकोने लावलेलं झाड आहे. ती गेल्यापासून मीच बघतो. काय करू?"

आवाज म्हाताऱ्या माणसाचा, संथ. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं खोदून विचारलं. फांदी वाकते की मोडते? मोडते, कट्कन. मातीला वास येतो? येतो, कुजका. बुंधा बुडाशी कसा दिसतो? काळा. त्यांना काय समजायचं ते समजलं. मुळं कुजली होती, झाड केव्हाच संपलं होतं. साल खरवडायला सांगायचं तेवढं बाकी होतं. त्या तोंड उघडणार इतक्यात म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचा आवाज बसलाय का? सर्दी झालीय वाटतं. गरम पाणी प्या थोडं."

आता यात काय एवढं! पण असं त्यांना कुणी विचारून किती वर्षं झाली होती. आणि स्वतःच्या कानांनी त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं, "पालवी येईल. कुंडी सावलीत हलवा. आणि परवा फोन करून सांगा."

झालं. तेव्हापासून फोन सुरू झाला तो झालाच. माती भुसभुशीत करा, कुंडी बदला, वरची वाळकी टोकं कापा. त्या एकेक उपाय सुचवत, लिंबूवाले इमानेइतबारे करत आणि सगळं वर्णन करून सांगत. झाडाचं बोलणं हळूहळू दोन वाक्यांवर आलं. पुढे पेपरातलं शब्दकोडं. "आडवा शब्द अडलाय, बाई. तीन अक्षरी, 'उपकार न विसरणारा'." डॉक्टरीणबाई आयुष्यात कधी शब्दकोड्याच्या वाटेला गेल्या नव्हत्या, पण आता सकाळी भावाच्या आधी पेपर उघडून बसत आणि वहिनी चकित होऊन बघत राही. नीट विंचरून, पावडर लावून कामावर जायला लागल्या. फोनला काय दिसतंय, पण जायच्या खऱ्या.

मनातून खात होतं. एखाद्या दुपारी वाटे, आज सांगून टाकू. मग फोन वाजे, "बोला बाई, कशा आहात?" आणि सांगणं पुढे ढकललं जाई. लोकांना एका दमात जे सांगते ते इथे जिभेवर येत नाही, म्हणजे कमालच म्हणायची, असं त्या स्वतःलाच फटकारत.

एके दिवशी एका बाईचा फोन आला. घाईतला, दमलेला आवाज.

"तुम्हीच का त्या झाडांच्या बाई? माझे बाबा तुम्हाला लिंबासाठी फोन करतात."

"हो." डॉक्टरीणबाई सावरून बसल्या.

"ताई, मी त्यांना कधीची माझ्याकडे बोलावतेय. खोली तयार आहे, नातवंडं वाट बघतायत. गेल्या आठवड्यात ते जिन्यात पडले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही, शेजाऱ्यांकडून कळलं मला. आता तरी चला म्हटलं तर म्हणतात, बाईंनी सांगितलंय पालवी येईल, ती आली की निघतो. तुझ्या आईचं झाड असं सुकलेलं टाकून कसा येऊ, म्हणतात." ती थांबली. "खरंच येईल का हो पालवी? येणार नसेल तर सांगून टाका त्यांना. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

डॉक्टरीणबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या दोन घटकांच्या करमणुकीपायी एक म्हातारा माणूस जिन्यात एकटा पडून राहिला. "सांगते," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी लिंबूवाल्यांचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"बाई, आज बुंध्यावर हिरवट दिसतंय हं काहीतरी! आली वाटतं तुमची पालवी."

अजूनही वेळ होती. नुसतं 'बघू या, थांबा' म्हटलं असतं तरी आणखी काही दिवस निघाले असते. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"शेवाळ आहे ते," त्या म्हणाल्या. "फार पाणी झालं की धरतं. झाड गेलंय हो."

"गेलं? कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा फोन केलात, तेव्हाच गेलेलं होतं."

"मग पालवी येईल म्हणालात ते?"

अंदाज चुकला म्हणता आलं असतं. लोक ऐकून घेतात. पण एवढं खोटं बोलून झाल्यावर आणखी एक बोलायला त्यांना जमेना.

"तुमचा फोन येत राहावा म्हणून म्हणाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही. चुकलंच माझं. फार चुकलं."

आता शिव्या येतील, मालकाकडे तक्रार जाईल, म्हणून त्या रिसीव्हर घट्ट धरून बसल्या.

"अहो, मग तसं सांगायचं ना," लिंबूवाले म्हणाले. "झाड नसतं तरी केला असता की फोन."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हमाल बाहेर होता, हे बरंच झालं.

"आणि मारलं मीच त्याला," ते पुढे म्हणाले. "ही गेल्यावर हाताला दुसरं काम नव्हतं. उठलो की पाणी, बसलो की पाणी."

"बहुतेकांच्या घरी तसंच होतं. तहानेने फार थोडी मरतात."

"लेक बोलावतेय. जातो आता. इथे थांबायला काही राहिलं नाही."

"जा. पण जिना सांभाळून उतरा."

ते हसले. "म्हणजे तिने तुमच्यापर्यंत फोन पोचवला तर! आईवर गेलीय." मग जरा घुटमळून म्हणाले, "तिकडचा नंबर देऊन ठेवू का तुम्हाला? लिहून घेता?"

हातात पेन्सिल होती. समोर कागदही होता. पण नेमका त्याच वेळी मालक दोन गिऱ्हाइकांना घेऊन खोलीत शिरला आणि कपाटातून बियाण्यांची पाकिटं काढायला लागला. डॉक्टरीणबाईंची पाठ आपोआप ताठ झाली, आणि त्यांच्या तोंडून रोजचं, घासून गुळगुळीत झालेलं वाक्य बाहेर पडलं.

"त्याची गरज नाही. इथला नंबर आहेच तुमच्याकडे. झाडांबद्दल काहीही विचारायचं असेल तर जरूर फोन करा."



"बरं," लिंबूवाले म्हणाले. "बरं, बाई. येतो."

मालक पाकिटं घेऊन आला तसा निघून गेला. त्याने तिकडे पाहिलंही नव्हतं. डॉक्टरीणबाई फोनकडे बघत बसल्या. जीभ का नाही झडली आपली, असं त्यांना झालं. फोन जुना, आलेला नंबर दाखवणारा नव्हे. ना त्यांचा नंबर हाती होता, ना लेकीचा. उलटा फोन करायचा तर कुठे करणार?

पुढचे दिवस फोन वाजत राहिला. दर वेळी त्या झडप घालून उचलत, आणि दर वेळी कुणाच्या तरी कळ्या झडलेल्या असत. त्यांनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. एकालाही झुलवलं नाही.

आठवडा उलटल्यावर एका रात्री जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "आमच्या ओळखीचे एक होते. ते लेकीकडे गेले राहायला. कायमचे."

भावाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा घास घेतला.

"बरं झालं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मायेचाच होता. "एकटं माणूस किती दिवस राहणार हो?"

"तेच ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आपलं ताट उचलून धुवायला घेऊन गेल्या.