खडकातली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. ठाण्याच्या खाडीकाठी, पडक्या किल्ल्याच्या बुरुजाखाली, एका सुट्या खडकात मला ठोकले आणि भोकात शिसे ओतले. गलबतांचे दोर मी वर्षानुवर्षे तोलले. पुढे गलबते येईनाशी झाली. वर नगरपालिकेने बाग केली, बाके मांडली. मी मात्र गंजत राहिले.

मित्रांनो, १९५३ सालची माघी पौर्णिमा मला अजून झोपू देत नाही. गिरणीतले कारकून त्र्यंबकराव आपल्या आठ वर्षांच्या कलावतीला घेऊन बाग पाहायला आले होते. पोरगी शिंपले वेचत, काठ आणि खडक यांमधली कोरडी घळ ओलांडून माझ्या खडकावर आली. ते काठावरच बसले.

मिठागरावरून परतणाऱ्या आवडाबाईने हटकले, "ओ भाऊ, पोरीला वर घ्या. पानी चढतंय."

"अहो मावशी, पौर्णिमेची भरती बारा वाजता. आता साडेबारा झाले, म्हणजे ओहोटी लागली. मी देवगडचा, मला काय सांगता?"

"समुद्राची भरती खाडीत वर यायला तास-दीड तास लागतो. तिला काय आगगाडी मिळते?"

त्र्यंबकराव हसले, पण वळून पाहतात तो मधली घळ भरलेली!

"बाबा!" कलावतीने मला दोन्ही हातांनी धरले. पाणी तिच्या गुडघ्यांवर, मग कमरेवर आले. प्रत्येक लाटेसरशी माझे शिसे हलत होते. मी निसटले तर ही पोर जाईल, एवढेच मला कळत होते.

"धोतर सोडा!" आवडाबाई ओरडली.

"काय?"

"लाज मागनं धरा! एक टोक मला द्या, दुसरं घट्ट धरा!"

धोतराचे टोक कमरेला बांधून ती घळीत उतरली. छातीभर पाण्यातून तिने मला गाठले. एका हाताने मला धरले, दुसऱ्याने पोरीला कवटाळले. मी करकरले, पण सुटले नाही. आखूड चड्डीतल्या त्र्यंबकरावांनी दोघींना ओढून काठावर घेतले.

"देवगडला असंच असेल," धापा टाकत आवडाबाई म्हणाली, "पन हितं आल्यावर हितल्यांना इचारावं."

त्र्यंबकरावांनी तिच्या चिखलभरल्या पायांना हात लावला.

त्यानंतर बागेतल्या बाकांना दोनदा रंग लागला. माझे अर्धे शिसे त्याच दिवशी वाहून गेले, ते मात्र कोणी भरले नाही. मित्रांनो, भरती आली की माझा जीव थरथरतो. पुन्हा एखादा चिमुकला हात मला धरील. तेव्हा मी त्या हातातच निघून येऊ नये, एवढे करा.